रात्रशाळेला कुलूप: हॉवर्ड लॉ स्कूलच्या प्रगतीचा हिशेब

कुठल्याही लॉ स्कूलचा वार्षिक अहवाल उघडून बघा. त्यात दोन भाग हमखास सापडतात. पहिला, अलीकडची प्रगती: ग्रंथालयात इतकी पुस्तकं आली, इतके नवे प्राध्यापक नेमले, बारच्या परीक्षेत इतके टक्के पास झाले. दुसरा, पुढच्या गरजा: इमारत अपुरी पडतेय, शिष्यवृत्त्यांना पैसे हवेत, अमुक विषयाला माणूस नाही. तुमच्यापैकी जे अमेरिकेत शिकताहेत किंवा शिकले, त्यांच्या इनबॉक्समध्ये अशा मजकुराचे ईमेल येतच असतात. खाली देणगीचं बटण असतं. आपण बहुतेक वेळा न वाचता पुढे जातो.

आज मी तुम्हाला अशा एका लॉ स्कूलबद्दल सांगणार आहे, जिथे ही प्रगतीची आणि गरजांची यादी थेट अमेरिकेच्या राज्यघटनेच्या अर्थाशी जाऊन भिडली. ते म्हणजे वॉशिंग्टन डी.सी.मधलं हॉवर्ड विद्यापीठाचं लॉ स्कूल. १९३० च्या आसपास त्यांनी ही यादी पूर्ण करण्यासाठी फार मोठी किंमत मोजली. आणि वीस वर्षांनी त्याच लॉ स्कूलच्या एका माजी विद्यार्थ्याने सुप्रीम कोर्टात उभं राहून दाखवून दिलं, की नुसती यादी भरली म्हणून लॉ स्कूल तयार होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते बघू या.

संध्याकाळचे वर्ग

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि गुलामगिरी कायद्याने गेली. दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, हॉवर्ड विद्यापीठ सुरू झालं, आणि जानेवारी १८६९ मध्ये त्याचा कायदा विभाग. पहिले डीन होते जॉन मर्सर लँग्स्टन, स्वतः कृष्णवर्णीय वकील. सुरुवातीला जेमतेम सहा विद्यार्थी होते आणि वर्ग संध्याकाळी भरत, शिक्षकांच्या घरी नाहीतर ऑफिसात. १८७२ मध्ये इथूनच शार्लट रे पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील.

पुढे शहरात, कोर्टकचेऱ्यांच्या जवळ, लॉ स्कूलला स्वतःची इमारत मिळाली. पण शिकवणं रात्रीचंच राहिलं. याचं कारण समजायला अवघड नाही. दिवसा सरकारी खात्यात कारकुनी करणारे, निरोप्याचं काम करणारे, पोस्टात पत्रं वाटणारे लोक संध्याकाळी हात-तोंड धुऊन वर्गात येऊन बसत. मुंबईत गिरणीत किंवा हॉटेलात दिवसभर राबून रात्रशाळेत मॅट्रिक झालेल्या कुणाची गोष्ट तुम्ही घरात ऐकली असेल, तर हे चित्र तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. शिकवणारेही बरेचसे दिवसा वकिली किंवा न्यायाधीशाचं काम करणारे असत. फी कमी होती आणि नोकरी सोडावी लागत नव्हती.

अशाच एका कारकुनाचं नाव होतं विल्यम ह्यूस्टन. सरकारी नोकरी करता करता हॉवर्डच्या रात्रीच्या वर्गातून ते १८९२ मध्ये वकील झाले आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये त्यांनी चांगली वकिली केली. १८९५ मध्ये त्यांना मुलगा झाला, चार्ल्स. बापाची रात्रशाळा पुढे याच मुलाने बंद केली.

मुलगा हार्वर्डहून परत येतो

चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातून पदवीधर झाले आणि पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी म्हणून फ्रान्सला गेले. ते सैन्यही वर्णानुसार वेगळं केलेलं होतं. तिथे गोऱ्या अमेरिकन सैनिकांनी कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांशी जे वर्तन केलं, ते पाहून त्यांनी ठरवलं की जगून वाचून परत गेलो तर कायदा शिकायचा. हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये ते ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’चे पहिले कृष्णवर्णीय संपादक झाले, तिथूनच डॉक्टरेट घेतली आणि १९२४ मध्ये वॉशिंग्टनला येऊन वडिलांच्या फर्ममध्ये रुजू झाले. त्याच वर्षापासून ते हॉवर्डच्या रात्रीच्या वर्गांना शिकवूही लागले.

त्या काळातला आकडा लक्षात घ्या. १९३० च्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेत कृष्णवर्णीय वकील होते सुमारे बाराशे. एकूण वकिलांची संख्या होती दीड लाखाच्या वर. दक्षिणेतल्या राज्यांत, म्हणजे जिथे बहुसंख्य कृष्णवर्णीय राहत आणि जिथे त्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होत होता, तिथे तर असा वकील शोधूनही सापडायचा नाही. आणि जे होते, त्यातल्या फार मोठ्या भागाला घडवलं होतं हॉवर्डनेच.

१९२६ मध्ये मॉर्डेकाय जॉन्सन हॉवर्ड विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती लुईस ब्रँडाइस यांनी आपल्याला पूर्णवेळ, दर्जेदार लॉ स्कूल उभारण्याचा सल्ला दिला, असं जॉन्सन नंतर सांगत. घटनेत हक्क लिहिलेलेच आहेत. ते कोर्टात मांडून मिळवतील अशी तयारीची माणसं हवीत, असा त्या सल्ल्याचा मथितार्थ. १९२८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने विद्यापीठाला दर वर्षी निधी देण्यासाठी कायद्यानेच तरतूद केली आणि पैशाची बाजू थोडी भक्कम झाली. १९२९ मध्ये जॉन्सननी ह्यूस्टन यांना लॉ स्कूलचे व्हाइस डीन नेमलं. वय चौतीसच्या आत. नावाला डीन दुसरे होते, कारभार ह्यूस्टन यांच्या हातात आला.

यादी पूर्ण झाली

हॉवर्डला त्या वेळी अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता नव्हती. मान्यतेच्या अटी म्हणजे आपली सुरुवातीची यादीच: प्रवेशाआधी किमान दोन वर्षं कॉलेज, पुरेसं ग्रंथालय, पुरेसे पूर्णवेळ प्राध्यापक. ह्यूस्टन यांनी एकेक बाब हातात घेतली. ग्रंथालय वाढवलं. हार्वर्डमध्ये शिकलेले विल्यम हेस्टी, ओहायोहून आलेले लिऑन रॅन्सम अशी तरुण माणसं शिकवायला आणली. प्रवेशाचे नियम कडक केले. विद्यार्थ्यांना कोर्टांत आणि तुरुंगांत नेऊन कायदा प्रत्यक्षात कसा चालतो ते दाखवलं. शिस्त इतकी करडी, की पोरांनी त्यांच्या नावावर ‘लोखंडी बूट’ अशी बिरुदं चिकटवली.

आणि रात्रीचे वर्ग बंद केले.

१९३१ मध्ये बार असोसिएशनची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षअखेर असोसिएशन ऑफ अमेरिकन लॉ स्कूल्सचं सदस्यत्वही. दोन-अडीच वर्षांत एवढी मजल. आजच्या भाषेत सांगायचं तर अहवालाचं मुखपृष्ठ व्हावं अशी कामगिरी.

इथे एक गोष्ट नजरेआड करू नका. ज्या बार असोसिएशनची मान्यता मिळवायला ही सगळी धडपड चालली होती, तिच्यात कृष्णवर्णीय वकिलांना सभासद म्हणून जागा नव्हती. १९१२ मध्ये तीन कृष्णवर्णीय वकिलांना नकळत सभासदत्व दिलं गेल्याचं ध्यानात आल्यावर तिथे मोठा गदारोळ झाला होता. म्हणूनच कृष्णवर्णीय वकिलांनी १९२५ मध्ये नॅशनल बार असोसिएशन ही स्वतःची संघटना काढली. अमेरिकन बार असोसिएशनने अधिकृतपणे दार उघडलं ते १९४३ मध्ये. म्हणजे ज्यांच्या पंगतीला बसायला मनाई, त्यांच्याकडूनच ‘तुमचा स्वयंपाक चांगला आहे’ असा दाखला आणायचा होता. ह्यूस्टन यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्या दाखल्यावाचून हॉवर्डची पदवी देशभर दुय्यमच मानली गेली असती, आणि त्यांना जी लढाई लढायची होती तिला दुय्यम पदवीचे वकील परवडणारे नव्हते.

आता दुसरी बाजू. संध्याकाळी येणाऱ्या त्या कारकुनाचं, त्या पोस्टमनचं काय झालं? मंदीचे दिवस होते. नोकरी सोडून तीन वर्षं दिवसभर शिकणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं, आणि शहरातल्या गोऱ्यांच्या लॉ स्कूलांमध्ये त्यांना प्रवेश नव्हता. हॉवर्डच्या माजी विद्यार्थ्यांमध्येही या निर्णयावरून नाराजी होती. त्यातले कित्येक जण रात्री शिकूनच वकील झालेले. शेवटी १९३१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या काही कृष्णवर्णीय वकिलांनी पदरमोड करून संध्याकाळचं वेगळं लॉ स्कूल काढलं. त्याला नाव दिलं न्यायाधीश रॉबर्ट टेरेल यांचं, जे स्वतः हॉवर्डच्या लॉ स्कूलमधून पदवीधर झालेले. टेरेल लॉ स्कूल १९५० पर्यंत चाललं. हॉवर्डचा इतिहास सांगताना त्याचा उल्लेख सहसा होत नाही. पण प्रगतीच्या रकान्यात मान्यता लिहायची असेल, तर टेरेलचं नावही त्याच पानावर यायला हवं.

बॉल्टिमोरहून रोज येणारा विद्यार्थी

दिवसाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गात एक मुलगा होता, थर्गुड मार्शल. घर बॉल्टिमोरमध्ये. घराजवळच मेरिलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल होतं, पण तिथे कृष्णवर्णीयांना घेत नसत. म्हणून तो रोज गाडीने वॉशिंग्टनला ये-जा करायचा. फीसाठी आईने लग्नाच्या अंगठ्या गहाण टाकल्या. पहिल्या वर्षी वर्गात पहिला आल्यावर त्याला ग्रंथालयात काम मिळालं. १९३३ मध्ये तो वर्गात पहिला येऊन पदवीधर झाला.

दोनच वर्षांनी, जून १९३५ मध्ये, गुरू-शिष्यांची ही जोडी बॉल्टिमोरच्या कोर्टात उभी राहिली. पक्षकार होता डोनल्ड मरे, आणि प्रतिवादी तेच मेरिलँड विद्यापीठ. मुद्दा साधा होता. कायदा म्हणतो ‘वेगळं पण समान’. मेरिलँडमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ स्कूल आहेच कुठे? कोर्टाने मरेला प्रवेश द्यायचा हुकूम दिला आणि १९३६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. १९३८ मध्ये मिसूरी राज्याविरुद्ध लॉइड गेन्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, की ‘दुसऱ्या राज्यात जा, फी आम्ही भरतो’ हे उत्तर चालणार नाही.

लॉ स्कूलच का निवडलं? शाळा हजारो होत्या, पण लॉ स्कूल राज्यात एखाददुसरंच. तिथे ‘समान’ सोय करणं राज्याला फार महाग पडणार होतं. शिवाय न्यायाधीश स्वतः लॉ स्कूलमध्ये शिकलेले. तिथे काय असतं आणि काय नसतं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

याच जून १९३५ मध्ये आपल्याकडे मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि मुंबई इलाख्यातलं कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर त्यांनी पुढच्याच वर्षी लेखही लिहिला. जगाच्या दोन टोकांना, वाळीत टाकलेल्या समाजातून आलेली आणि परदेशात किंवा मोठ्या विद्यापीठात शिकून परतलेली दोन माणसं एकाच वेळी कायद्याच्या शिक्षणाकडे वळली होती. पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. ह्यूस्टन यांच्यापुढे जो पेच होता, त्याचं हे वेगळं उत्तर. कुणाचं बरोबर, हे मी ठरवत बसणार नाही. दोघांपुढच्या अटी सारख्या नव्हत्या. पण वेळापत्रक हा सामाजिक न्यायाचा प्रश्न असतो, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

१६,५०० पुस्तकं आणि एक माजी विद्यार्थी

आता १९४६ च्या टेक्सासमध्ये या. हेमन स्वेट हे ह्यूस्टन शहरात पोस्टमन होते. त्यांनी टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये अर्ज केला. कृष्णवर्णीय म्हणून नकार मिळाला. कोर्टाने राज्याला मुदत दिली, आणि राज्याने घाईघाईने ऑस्टिनमध्ये एका तळघरात ‘कृष्णवर्णीयांचं लॉ स्कूल’ थाटलं. स्वेट यांनी तिथे नाव घालायला नकार दिला. मग राज्याने खरोखर पैसे खर्च केले आणि ह्यूस्टन शहरात नव्या विद्यापीठात मोठं लॉ स्कूल उभं केलं.

खटला सुप्रीम कोर्टात पोहोचला तोवर राज्याकडे दाखवायला रीतसर यादी होती. पाच पूर्णवेळ प्राध्यापक. २३ विद्यार्थी. सुमारे १६,५०० पुस्तकांचं ग्रंथालय आणि त्याला पूर्णवेळ कर्मचारी. सराव-न्यायालय. कायदा साहाय्य केंद्र. आणि टेक्सासच्या बारमध्ये दाखल झालेला एक माजी विद्यार्थी. समोर टेक्सास विद्यापीठाची यादी: १६ पूर्णवेळ आणि तीन अर्धवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० च्या वर पुस्तकं.

५ जून १९५० ला कोर्टाने एकमताने निकाल दिला. ही आकड्यांतली तफावत कोर्टाने नोंदवलीच. पण पुढे जाऊन सरन्यायाधीश व्हिन्सन यांनी म्हटलं, की खरी महत्त्वाची गोष्ट मोजपट्टीत बसत नाही: प्राध्यापकांचा लौकिक, प्रशासनाचा अनुभव, माजी विद्यार्थ्यांचं वजन, परंपरा, समाजातली पत. आणि ज्या राज्यात लोकसंख्येचे ८५ टक्के लोक, म्हणजे बहुतेक सगळे वकील, साक्षीदार, ज्यूरीतले लोक आणि न्यायाधीश, तुमच्या लॉ स्कूलच्या बाहेर ठेवले आहेत, तिथे एकट्याने वकिली शिकता येत नाही. स्वेट यांना टेक्सास विद्यापीठात घ्यावं लागलं.

स्वेट यांच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्यांमध्ये होते थर्गुड मार्शल. चार वर्षांनी ‘ब्राउन’ खटल्यात हाच धागा शाळांपर्यंत गेला आणि ‘वेगळं पण समान’ हे तत्त्वच सार्वजनिक शिक्षणातून हद्दपार झालं. त्या खटल्यांतले रॉबर्ट कार्टर, स्पॉट्सवुड रॉबिन्सन, ऑलिव्हर हिल हे सगळे हॉवर्डचे. सुप्रीम कोर्टात जाण्याआधी युक्तिवादांची रंगीत तालीम व्हायची तीही हॉवर्डमध्येच. प्राध्यापक आणि विद्यार्थी न्यायाधीश बनून अडचणीचे प्रश्न विचारायचे. चार्ल्स ह्यूस्टन यांना स्वेटचा निकाल बघायला मिळाला नाही. २२ एप्रिल १९५० ला, निकालाच्या सहा आठवडे आधी, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले.

म्हणजे बघा, ज्या यादीसाठी हॉवर्डने रात्रशाळा बंद केली, ती यादी पुरेशी नाही हे सिद्ध करायला ती यादी पूर्ण केलेल्या लॉ स्कूलचेच वकील लागले. यादी खोटी नव्हती. पुस्तकं, पूर्णवेळ शिक्षक आणि मान्यता नसती तर मार्शल त्या कोर्टात त्या तयारीने उभे राहिले नसते. पण यादी म्हणजे लॉ स्कूल नव्हे.

पुढच्या गरजा

या गोष्टीचे काही शेवट गोड नाहीत, तेही सांगतो. हेमन स्वेट टेक्सास विद्यापीठात गेले, पण वर्षानुवर्षांच्या खटल्याने तब्येत ढासळली होती, आणि १९५२ मध्ये पदवी न घेताच त्यांना शिक्षण सोडावं लागलं. पॉली मरे १९४४ मध्ये हॉवर्डमधून वर्गात पहिल्या आल्या. वर्गातली एकमेव बाई. विद्यार्थी असताना त्यांनी म्हटलं होतं, की ‘समान आहे का’ हे विचारत बसण्यापेक्षा ‘वेगळं’ या कल्पनेवरच घाव घालावा. वर्गात हशा पिकला. त्यांचा तो निबंध पुढे ‘ब्राउन’ची तयारी करताना रॉबिन्सन यांनी बाहेर काढला. आणि पुढच्या अभ्यासासाठी हार्वर्डने त्यांना नाकारलं ते वर्णामुळे नाही, बाई म्हणून. हॉवर्डमधली पुरुषी वृत्ती हीसुद्धा ‘पुढच्या गरजां’मध्ये लिहायची गोष्ट होती, पण त्या काळच्या कुठल्या मान्यतेच्या अटीत ती बसत नव्हती.

स्वेटना बाहेर ठेवण्यासाठी ह्यूस्टन शहरात जे लॉ स्कूल बांधलं, ते आज आहे. त्याचं नाव थर्गुड मार्शल स्कूल ऑफ लॉ.

हे सगळं आपल्याशी कुठे जोडलेलं आहे? तुमचे आईवडील किंवा आजीआजोबा अमेरिकेत आले असतील, तर बहुधा १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या त्याच वातावरणात मंजूर झाला, जे तयार करण्यात या वकिलांचा मोठा हात होता. आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांचं वंश लक्षात घेऊन प्रवेश देण्याचं धोरण रद्द केलं, त्या हार्वर्डच्या खटल्यात आशियाई अमेरिकन विद्यार्थ्यांवरच्या अन्यायाचा मुद्दा मध्यभागी होता. म्हणजे आपल्यासारख्यांचा. निकालाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्यातला जुना प्रश्न ओळखा: माणसाची आणि संस्थेची पात्रता किती मोजता येते, आणि मोजता न येणाऱ्या गोष्टी कोर्टाने किती मोजाव्यात? १९५० चा स्वेटचा निकाल त्या वादात दोन्ही बाजूंना टाळता येत नाही.

हॉवर्डचं लॉ स्कूल आज वॉशिंग्टनच्या वायव्य भागात स्वतंत्र आवारात आहे. मुख्य इमारतीला चार्ल्स ह्यूस्टन यांचं नाव आहे. चौदाव्या घटनादुरुस्तीवर, म्हणजे ज्या कलमाच्या जोरावर हे सगळे खटले लढले गेले त्यावर, तिथे आता एक केंद्र सुरू झालंय. गरजांची यादी कुठल्याही लॉ स्कूलसारखीच लांब असणार, विशेषतः शिष्यवृत्त्यांची, कारण पदवी घेताना डोक्यावर कर्जाचा डोंगर असेल तर कमी पगाराची हक्कांची वकिली करायची हिंमत कोण करणार?

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या विद्यापीठाचा ‘प्रगती आणि गरजा’ छापाचा ईमेल आला, की लगेच पुसू नका. इमारतीचा फोटो सोडून द्या आणि तीन गोष्टी शोधा. दिवसा नोकरी करणाऱ्याला इथे शिकता येतं का? पदवी घेऊन बाहेर पडलेले लोक कुणाची बाजू मांडताहेत? आणि गेल्या काही वर्षांत काय बंद केलं? हे शेवटचं बहुधा अहवालात नसतं. ते विचारायला एक साधा ईमेल पुरतो, आणि माजी विद्यार्थी म्हणून तो लिहायचा तुम्हाला हक्क आहे.